शिंगाड्याच्या पाण्यातलं आकाश

दिवेलागण नुकतीच होऊन गेली होती, भाऊ. आमचा अख्खा मोहल्ला सानगडीच्या तलावाच्या पाळीवर जमला होता. भंडाऱ्याहून कमलेश सर कॅमेरा घेऊन आले होते. ताऱ्यांचे फोटो काढायचे अन् गावाले विज्ञान शिकवायचं, हे त्यांचं येड. माणूस चांगला, पण फोटोपुढे त्याले माणसं दिसत नाही.

त्यांले तारे पाण्यातही पाहिजे होते. काठाशी तर शिंगाड्याचे वेल पसरलेले. माझा नवरा घनश्याम म्हणाला, "मी सारतो बाजूले," अन् पुसाच्या थंडीत छातीभर पाण्यात उतरला.

वेल हटले तसे सर ओरडले, "घनश्याम, आता तिथंच थांब, पाणी हालवू नको! बाकीचेही बसा. उजेड नाही, आवाज नाही. अर्धा घंटा कॅमेरा उघडा राहते. जो हलते तो फोटोत येत नाही."

अंधार असा, का बाजूची बाई दिसे ना. कुजलेल्या वेलांचा वास येऊन राहिला होता. मंग पाण्यात काहीतरी बुडबुडलं...

"उर्वशी..."

त्याचाच आवाज. मी उठली. "सर, बॅटरी लावा ना... तो बुडून राहिला..."

"मासा असेल. बसा खाली."

"बस ना वो, फोटो खराब होते," म्हणत शेजारच्या कौशल्याबाईनं माझं मनगट धरलं. मंग बाकीच्या बायांनी. मी रडली, शिव्या देल्या. मेल्यांनी सोडलं नाही! बॅटऱ्या लागल्या तेव्हा घनश्याम वेलात गुंतून थंडगार पडला होता.

तेरवीनंतर सरांनी फोटो आणून देला. वर ताऱ्यांच्या गोल गोल रेघा. पाळ रिकामी, तिथं एकही माणूस आला नाही. पाण्यात घनश्याम साफ दिसते, नाकापर्यंत बुडालेला. अन् त्याच्या मागे मी उभी. तीच साडी, तेच कुंकू. दोन्ही तळवे त्याच्या डोक्यावर दाबलेले.

अगं माय! मी तर पाळीवर होती, भाऊ! सासूले म्हटलं, ज्यांनी धरलं त्यांलेच विचारा. कौशल्याबाई आली, देवावर हात ठेवून म्हणाली, "आम्ही हिले धरलं नाही. ही आमच्यात बसलीच नव्हती." बाकीच्याही तेच बोलल्या.

खोट्या आहेत साऱ्या. हे पाहा मनगट, बोटांचे वळ अजून आहेत. कंदील जवळ घ्या... दिसतात ना? कितीही धुतलं तरी त्यातून वेलांचा हिरवा गाळ निघत नाही.

भाऊ... तुम्ही मागे काहून सरकून राहिले?