आईसाठी बाक

जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या कागदातल्या शेवटच्या ओळीवर आईनं पेन्सिलीनं काट मारली.

ती ओळ होती, 'आईसाठी बाक'. नव्या घराच्या अंगणाचा खर्च लेकानं तीन रविवार खपून मांडला होता. फरसबंदी, हिरवळ, कुंपणालगत फुलझाडं आणि सगळ्यात खाली, खास आईसाठी, एक दगडी बाक. पैसे कमी पडायला लागले तेव्हा पठ्ठ्यानं काय केलं, तर फरशीखालचा खडीचा थर आणि तो ठोकून घट्ट करण्याची दबाईच खोडून टाकली! मातीखाली जाणारी वस्तू, कुणाला दिसणार आहे? आईनं बाक खोडला आणि खडी पुन्हा लिहिली.

"आई, अगं तुझ्यासाठी म्हणून एकच गोष्ट ठेवली होती मी... तीही तुला नको?" लेकाचा आवाज दुखावला होता.

"नको. खाली खडी नसेल तर वर्षाच्या आत फरशी खचेल. सगळं पाणी उंबऱ्याशी येईल."

समोर ठेकेदार बसलेला, शेजारी सून. लेकाचा चेहरा लालबुंद झाला. "आई, तू आत जा बरं! घरात बसून तुला यातलं काय कळतं?"

घरात बसून!

नवरा गेल्यावर तिनं बावीस वर्षं लोकांच्या अंगणांत गुडघ्यांवर बसून फरश्या बसवल्या होत्या. उन्हात पाठ भाजली, बोटांची सालं निघाली, आणि त्या मजुरीवर हा लेक इंजिनीअर झाला! पण दोष तरी कुणाला देणार? त्याचं लग्न ठरलं तेव्हा तिनंच त्याला जवळ बसवून बजावलं होतं, "माझ्या कामाचं बोलू नकोस. आई घरीच असायची, म्हण. सासरच्यांसमोर तुझी मान खाली जायला नको." ते खोटं तिनंच त्याच्या तोंडात घातलं होतं, आणि आज त्यानं ते इतक्या सराईतपणे उच्चारलं की तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं... तरी डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही, असं तिनं ठरवलं. रडून फरशी सपाट होत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ती उठली. आपल्या खोलीतल्या पेटीच्या तळाशी गुंडाळून ठेवलेल्या रबरी गुडघेपट्ट्या तिनं काढल्या, बांधल्या, तिथलंच दोरीचं रीळ कमरेला खोचलं, आणि तांब्याभर पाणी घेऊन तडक अंगणात गेली. ठेकेदारानं नमुना म्हणून चार फरश्या नुसत्या मातीवर बसवून दाखवल्या होत्या. तिनं एका कोपऱ्यावर टाच दाबली. फरशी डुगडुगली. मग तिनं तांब्या ओतला... पाणी वळवळत निघालं आणि थेट उंबऱ्याला जाऊन भिडलं!

मागोमाग आलेला ठेकेदार ओशाळून हसला. "यांनी खर्च कमी करा म्हटलं, म्हणून..."

पण सुनेचं लक्ष पाण्याकडे नव्हतं. त्या झिजून पातळ झालेल्या पट्ट्यांकडे ती बघत राहिली होती. "आई, या पट्ट्या कुणाच्या?"

"जुन्या आहेत. पडून होत्या..." आईनं अजूनही लेकाला सांभाळून घेतलं.

आणि तेच त्याला सहन झालं नाही. "खोटं बोलतेय ती!" तो बायकोकडे वळला. "तिच्याच आहेत. आयुष्यभर फरश्या बसवून तिनं मला शिकवलं... आणि मी तुला सांगितलं, आई घरीच असायची. आई, मला लाज वाटली गं! तुझी नाही... नाही, खरं सांगतो, तुझीच वाटली!" बोलता बोलता तो मातीतच गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

सुनेनं सासूचा हात हातात घेतला. तिच्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

आईचं अंतःकरण भरून आलं. पण तिनं नुसता लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कमरेचं दोरीचं रीळ काढलं. "रडायचं ते नंतर रड. आधी या दोरीचं टोक धर. उतार रस्त्याकडे हवा."

हिरवळ निम्मी झाली, फुलझाडं पुढल्या वर्षावर गेली, खडी मात्र वीतभर पडली. ठेकेदाराची माणसं आईच्या नजरेखाली चळाचळा कापत काम करत होती. केसभर वर आलेली फरशी ती उचलायला लावायची. उंबऱ्यालगतची ओळ तिनं स्वतःच्या हातांनी बसवली.

उरलेल्या तुकड्यांतून लेकानं, कुणाला हात लावू न देता, एक बाक रचला. काम संपलं तेव्हा तो डाव्या अंगाला चांगला दोन बोटं कलला होता. लेक खजील होऊन उभा राहिला.

"बाई, खाली दगडाची एक चीप सारू का? सरळ होईल," ठेकेदार म्हणाला.

"हात तर लावून बघा!" आई कडाडली, आणि त्या वाकड्या बाकावर, डावीकडे जराशी कलून, ऐसपैस बसली.