पंखे अजून आले नाहीत

कॅन्ससमधल्या त्या गावात जुलै महिन्यात कुणी भरभर चालत नाही. म्हणून दुकानाच्या बाजूच्या दारातून झपाझप आत आलेला तो माणूस नोरीनच्या नजरेत भरला. शर्ट पाठीला चिकटलेला, भुवयांवर गव्हाची धूळ, हातात वर्तमानपत्रातून फाडलेली जाहिरात.

"हा चौकोनी पंखा," तो म्हणाला, "जाहिरातीत आहे, मांडणीवर नाही."

"सकाळीच संपले. रेन चेक लिहून देते. माल आला की मी फोन करीन, तुम्हाला याच सवलतीच्या भावात मिळेल."

"लवकर येईल ना? बाबांसाठी हवाय. माडीवरची त्यांची खोली म्हणजे भट्टी झालीय." मग चिठ्ठीकडे बघत तो हसला. "आकाशात ढग नाही आणि तुम्ही पावसाची चिठ्ठी देताय?"

"बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला की पुढच्या सामन्याला फुकट बसू देतात, तिथून आलंय ते नाव. दुकानात फुकट बसू देत नाहीत."

"उभं राहू देतात?"

नोरीनने मान वर केली. "मागे रांग लागलीय."

त्याने वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. नोरीनचे कान लाल झाले आणि ती चिठ्ठीवर नाव लिहू लागली. लायल स्टबिन्स. धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर काम. पत्ता, फोन.

नोरीनच्या टेबलाला दोन कामं होती. रेन चेक आणि लेअवे. लेअवेवाले कोट, सायकल, बाहुली असं काहीतरी मागच्या खोलीत राखून ठेवायचे, दर आठवड्याला थोडे पैसे भरायला यायचे, आणि पैसे पुरे झाले की वस्तू घरी न्यायचे. रेन चेकवाले मात्र एकदा चिठ्ठी न्यायचे, एकदा माल न्यायचे. हा फरक नोरीनला आजवर कधी जाणवला नव्हता.

लायल दोन दिवसांनी पुन्हा आला. "आला का पंखा?"

"फोन करीन म्हटलं होतं ना."

"जाता जाता डोकावलो."

"कोठार गावाच्या त्या टोकाला आहे."

"हो, पण मी लांबून जातो." तो टेबलाला टेकला. "हे लेअवेवाले इतक्यांदा येतात, त्यांना नाही हटकत तुम्ही."

"ते पैसे भरतात."

"मी तुमची चौकशी करतो. तोही भरणाच आहे."

मागे बर्निस पावत्या लावत होती. या टेबलावर ती नोरीनच्या कितीतरी आधीपासून होती. ती खोकली. तिला खोकला झालेला नव्हता.

मंगळवारी पंख्यांचा ट्रक आला. नोरीनने चिठ्ठ्या काढल्या आणि एकेकाला फोन लावला. शेवटी लायलची चिठ्ठी उरली. तिने फोन उचलला, आणि तसाच धरून ठेवला... फोन केला की तो येणार, पंखा नेणार, आणि झालं. तिने फोन ठेवून दिला. उद्या करू, असं स्वतःला सांगितलं. उद्या तिची सुट्टी होती.

गुरुवारी तो आला.

"आला का पंखा?"

"नाही..." नोरीन म्हणाली. "अजून नाही."

"असू दे. घाई नाही."

शनिवारी तो पुन्हा आला, सोमवारी पुन्हा. दर वेळी ती नाही म्हणाली, आणि दर वेळी तो अर्धा तास थांबला. पण तो गेला की तिला माडीवरची ती खोली दिसू लागे. तिने ती कधी पाहिली नव्हती, तरी दिसे. आता खरं सांगावं, तर आपल्यामुळे म्हातारा उकाड्यात राहिला हे त्याला कळणार, आणि मग तो कशाला येईल? न सांगावं, तर म्हातारा आणखी तापणार.

मंगळवारी बर्निसने वर्तमानपत्र पुढे सरकवलं. शेजारच्या गावात एका आजीबाईंना उकाड्याने घेरी येऊन दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

नोरीनचा चेहरा उतरला. "बर्निस, माझ्या हातून वाईट झालंय." तिने सगळं सांगितलं.

बर्निसने चष्मा पुसला. "मग इथे बसून काय होणार? घर माहीत आहे ना? चिठ्ठीवर पत्ता आहे. जा, पोरी."

नोरीनने स्वतःच्या पैशाने पंखा घेतला आणि गाडीत घातला.

दार लायलच्या वडिलांनी, हॉइटनी, उघडलं. अंगात बनियन, हातात थंड चहा. त्यांच्यामागे खिडकीत एक चौकोनी पंखा मजेत फिरत होता.

"आणखी एक?" हॉइट म्हणाले.

"आणखी?"

"त्याने मागच्या बुधवारीच आणला की. पुऱ्या भावात! मी म्हटलं, अरे गाढवा, चिठ्ठी होती ना तुझ्याकडे? तर म्हणे, चिठ्ठी खर्च करायची नाहीये." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "अच्छा. म्हणजे तू ती चिठ्ठीवाली."

घरामागून लायल आला. पंखा पाहिला, नोरीनला पाहिलं, आणि जागीच थांबला.

"पंखे कधीच आलेत," नोरीन म्हणाली. "मी खोटं बोलले."

"माहीत आहे. बुधवारी बर्निसबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, सगळ्यांना फोन झाले, तुम्हालाच नाही... आता काय ते तुम्ही समजा."

"पण यांना पंखा मिळालाय हे मला कुठे ठाऊक होतं? मला वाटत होतं ते वर तापतायत. आणि तरी मी फोन केला नाही."

लायलने यावर विचार केला. "हो," तो म्हणाला. "ते काही बरं नव्हतं."

"नव्हतंच."

"मीही दर वेळी येऊन तोंड वर करून विचारत होतो. तेही बरं नव्हतं. पंखा घेऊन आलीस, हे मात्र बरं केलंस."

आजवर तो तिला अहो-जाहो करत होता. ते गेलेलं दोघांच्याही ध्यानात आलं.

"स्वयंपाकघरात लावतो हा," हॉइट म्हणाले आणि खोका घेऊन आत गेले.

"आता मला दुकानात यायला कारण उरलं नाही," लायल म्हणाला. "म्हणून विचारतो... शुक्रवारी नदीकाठच्या हॉटेलात तळलेला मासा असतो. येशील?"

तेवढ्यात आत दुसरा पंखा घरघरत सुरू झाला. नोरीनने काहीतरी उत्तर दिलं.

"काय?"

ती पुन्हा बोलली. दोन पंख्यांपुढे तिचा आवाज काही पोचेना.

"ऐकू येत नाही!"

"हो! हो म्हणतेय मी!" नोरीन ओरडली. रस्त्यापलीकडे झाडांना पाणी घालणाऱ्या बाईने हात थांबवून इकडे पाहिलं.

लायल आत गेला. त्याने आधी एक पंखा बंद केला, मग दुसरा. हॉइट कुरकुरले. घरात एकदम शांत झालं, आणि गरमही. मग तो दाराशी परत आला.

"आता एकदा हळू म्हण," तो म्हणाला.

आणि तिने म्हटलं.