लाल नळी

सकाळचे अकरा वाजले होते आणि चांद्र नियंत्रण केंद्रात उर्मिला देवस्थळी अभियंता हेरंब काळसेकरवर भडकली होती.

चंद्रावरच्या तळात अमोनियाची टाकी फुटली होती. चौघांपैकी शुद्धीवर होती एकटी जुबेदा तांबोळी, आणि ती वनस्पतिशास्त्रज्ञ. यंत्रघरात तिनं कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. त्या दणक्यानं सुरू झालेली ऑक्सिजनची गळती तासाभरात थांबली नाही तर चौघेही जाणार होते. राखीव वाहिनीतून सेकंदाला जेमतेम वीस अक्षरं जात. तिकडून एकच खूण येई: 'पुढे'.

म्हणून उर्मिलाची 'पाटी' कामाला आली होती. तिनं बनवलेल्या या सादरीकरण-प्रणालीतले सरकपट, म्हणजे स्लाइड्स, निव्वळ मजकुराचे असत. प्रणालीचा 'वाचक' मजकुराची रचना ओळखी आणि 'मांडक' तो हाताशी असेल त्या यंत्रावर मांडी. वाचक आणि मांडक तळावर होतेच. पाठवायची होती फक्त अक्षरं.

हेरंबनं लिहिलं होतं, 'लाल नळी बंद करा.'

"'लाल' हा शब्द खोड," उर्मिला म्हणाली.

"अगं, लालच आहे ती! मी स्वतः बसवलीय."

"असेल. पण मांडक ते कशावर मांडणार, हे मजकुराला ठाऊक नसतं. पडदा एकरंगी असला तर? वस्तू कोणती ते लिही, रंगरूप नको."

"माणसं मरायला टेकलीत आणि तुझं सोवळं सुटत नाही!"

"नाहीच सुटणार."

हेरंबनं धुसफुसत लिहिलं, 'दारापासून तिसरी, मनगटाएवढी जाड नळी. तिची चावी उजवीकडे फिरवा.'

सरकपट गेला. सहा मिनिटं 'पुढे' आलं नाही. आपल्या हट्टापायी चार जीव जाणार, असं उर्मिलाला वाटू लागलं. मग खूण उमटली आणि तिनं लगेच पुढचा सरकपट पाठवला.

दुपारी शुद्धीवर आलेल्या सोबत्यानं अँटेना जोडली आणि जुबेदाचा आवाज आला. "चौघेही ठीक आहोत. पाटी वाचून दाखवणाऱ्या बाईंना माझा सलाम सांगा हं."

"वाचून?" उर्मिला गोंधळली. "पडदा बिघडला होता का?"

"पडद्याचं मला काय माहीत! अमोनियानं डोळे सुजून मिटलेत. आमचे डॉक्टर म्हणतात, आठवड्यात उघडतील. मला दिसत नाही म्हटल्यावर यंत्रच बाईंच्या आवाजात बोलायला लागलं. मग भिंत धरून एकेक नळी चाचपत गेले."

हेरंबनं चष्मा काढला. बराच वेळ तो काचा पुसत राहिला.

"एक विचारू?" जुबेदा म्हणाली. "ती नळी दिसते तरी कशी हो?"

"लाल आहे," हेरंब हळूच म्हणाला. "डोळे उघडले की बघा."