अर्धा सूर वर

तो तिच्या खोलीत पहिल्यांदा आला तो भांडायच्या तयारीनेच. छत्रीचं पाणी दारात गळत होतं आणि हातात तिनेच शेरा लिहून परत पाठवलेलं कार्ड होतं.

संगीत संग्रहालयाच्या तळमजल्यावर ती जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि प्रत्येक कार्डावर तीन रकाने भरायची: लय, पट्टी, भाव. सगळे तिला ‘मोजणीबाई’ म्हणत. घरी वहिनी म्हणायची, हिच्यासमोर दार आपटायचीसुद्धा चोरी, लगेच पट्टी सांगेल. तो दुसऱ्या मजल्यावरचा रेकॉर्डिस्ट. जुने टेप संगणकावर उतरवायचं त्याचं काम, तेही कंत्राटी.

“‘यंत्र तपासावे’ म्हणजे?” त्याने विचारलं. “यंत्र मी रोज तपासतो.”

“मग आज कान तपासून बघा,” ती म्हणाली आणि दुसरा हेडफोन त्याच्याकडे सरकवला.

साठ जणांचा कॉयर होता. एकही वाद्य नाही, नुसते आवाज, एकावर एक चढत जाणारे. पाकिटावर छापलं होतं, पांढरी दोन, चौदा मिनिटं. तिने ट्यूनिंग फोर्क टेबलावर हलकेच आपटून त्याच्या कानाशी धरला, त्यावरून पांढरी दोनचा सूर गुणगुणून दाखवला. कॉयर त्याहून अर्धा सूर वर, काळी दोनमध्ये गात होता. चौदा मिनिटांचं गाणं तेरा मिनिटं तेरा सेकंदांत आटोपलं.

“सत्तेचाळीस सेकंद कुठे गेले?” तिने विचारलं.

त्याने फोर्क स्वतः आपटून पुन्हा ऐकला. मग हसला… जरा ओशाळूनच. “तुम्ही दिसता तेवढ्या साध्या नाही.”

दुसऱ्या दिवशी तो वेग उतरवून नवी प्रत घेऊन आला. आता त्या साठ जणांना श्वास घ्यायला जागा मिळाली होती. दोन ओळींमधली शांतताही ऐकू येत होती. तिने भावाच्या रकान्यात ‘शोक’ लिहायला घेतलं, तर त्याने पेनवर बोट ठेवलं.

“शोक नाही. वाट बघणं आहे हे.”

“कुणाची?”

“ते तुमच्या रकान्याचं काम. मी कसं सांगणार…”

तिने रकाना रिकामा सोडला. गाल मात्र दिवसभर तापल्यासारखे राहिले.

पुढचे चार महिने दुपारचा चहा तिच्या खोलीत होऊ लागला. एका हेडफोनचे दोन कान दोघांनी वाटून घेतले की डोकी जवळ यायचीच. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. वहिनीला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं. हल्ली दार आपटलं तरी पट्टी सांगत नाहीस, म्हणाली.

पण तो एकच टेप नव्हता. यंत्र दोन वर्षं वेगात पळत होतं, म्हणजे चारशे टेप चुकीचे उतरले होते. संचालकांना सांग, असं ती त्याला दर आठवड्याला म्हणायची. सांगतो, योग्य वेळ बघून… असं तो म्हणायचा. मधेच त्यातल्या वीस कॉयरचा सीडी-संच विक्रीला काढायचं ठरलं. ज्या बैठकीत संच मंजूर व्हायचा, त्याच बैठकीत त्याला कायम करायचं होतं. तिचं ‘यंत्र तपासावे’चं कार्ड संचालकांच्या हाती लागलं आणि दोघांनाही आत बोलावणं आलं.

त्याने शांतपणे सांगितलं की त्या काळी गाणारे जरा चढी पट्टी घेत, पाकिटावरची वेळ अंदाजे छापलेली असे, यंत्र ठीक आहे.

“म्हणजे बाईंच्या ऐकण्यात चूक?” संचालकांनी विचारलं.

तो टेबलाकडे बघत होता. “कधी कधी… कान थकतो.”

तिला बोलता आलं असतं. दुरुस्त केलेली प्रत तिच्याच कपाटात होती. पण आत्ता तो मान वर करील आणि स्वतःच खरं सांगेल, या आशेवर ती थांबली. बैठक संपली तरी त्याची मान खालीच होती. महिनाअखेरीस तिची बदली देवघेवीच्या खिडकीवर झाली. ऐकायचं काम काढून घेतलं.

निरोपाच्या दिवशी, ती कपाट आवरत असताना, तो आला.

“माझं प्रेम आहे तुझ्यावर,” तो म्हणाला. हे वाक्य त्याने याआधी कधीच उच्चारलं नव्हतं. “कायम झालो नसतो तर तुझ्या घरी कोणत्या तोंडाने आलो असतो? हे आपल्यासाठीच केलं. चारशेच्या चारशे टेप मी हळूहळू नीट करीन, कुणाला कळणारही नाही.”

“आणि माझा कान?”

“तो मला माहीत आहे ना. मला माहीत असणं पुरे नाही?”

“संचालकांच्या खोलीत जाऊन एवढंच सांग. आत्ता. मी बाहेर उभी राहते.”

तो कपाटाशीच उभा राहिला. तिने पाच मिनिटं वाट पाहिली… नंतर दुरुस्त प्रत त्याच्या हातात दिली, रिकाम्या कपाटाची किल्लीही दिली आणि खिडकीवर जाऊन बसली. संध्याकाळी वहिनीने काही विचारलं नाही, नुसतं ताट वाढून शेजारी बसली.

वर्ष झालं. संच निघाला, तो विभागप्रमुख झाला. जिन्यात समोर आला की तिची पावलं अजूनही मंदावायची, आणि त्याचा तिला संताप यायचा.

एका सकाळी काठी टेकत एक आजी खिडकीशी आल्या. पंचाहत्तरी उलटलेली असावी. त्यांनी संच पुढे ठेवला आणि सांगितलं की यातल्या साठ जणांच्या कॉयरमध्ये तिसऱ्या रांगेत त्या होत्या. आता त्यातले चारच उरलेत.

“बाळ, आम्ही इतकं भराभर नव्हतो गात,” आजी म्हणाल्या. “हे आमचं नव्हेच. कुणाशी बोलू?”

तिने संच आजींच्या हातात परत दिला. मग ती म्हणाली, “दुसरा मजला, उजवीकडचं दार. सावकाश जा, घाई नाही.”

आजी एकेक पायरी चढू लागल्या. त्याला फोन करून आधी सांगून ठेवावं, असं तिच्या मनात आलं. तिने रिसीव्हर उचललाही. वर काठीचा आवाज लांब लांब जात होता.

तिने रिसीव्हर खाली ठेवला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचं कार्ड मागितलं.