क्रूगरच्या पुलाची चोरी

ऑर्विल क्रूगर आला तोच तणतणत. टोपी टेबलावर आपटून म्हणाला, "मिस टॉर्मी, त्या एमेट स्टोल्झनं माझा पूल चोरलाय!"

गस वेंटला वाटलं, माणूस नदीवरच्या पुलाबद्दल बोलतोय. गसनं तीस वर्षं मिलवॉकीत ट्राम चालवली होती. आता तो निवृत्तीनंतर अॅग्नेस टॉर्मीच्या तपासात तिच्यासोबत हिंडायचा, आणि असं काहीतरी वाटणं हे त्याचं नेहमीचंच होतं.

"चोरला म्हणजे उचलून नेला?" त्यानं विचारलं.

"फोटो चोरला हो!"

क्रूगर छोट्या आगगाड्यांच्या शौकिनांसाठी 'लहान रूळ' नावाचं मासिक काढत असे. तीन वर्षं खपून त्यानं तळघरात लाकडी पूल, डोंगर, स्टेशन असा सगळा देखावा उभारला होता. डिसेंबरच्या मुखपृष्ठावर तो प्रथम झळकायचा होता. तोवर घराबाहेर कुणाला त्याचा वास लागू द्यायचा नव्हता. आणि आठवडाभर आधीच प्रतिस्पर्धी स्टोल्झच्या 'इंजिनघर' मासिकावर तोच पूल!

"अंक आणलात?"

"मुखपृष्ठ पाहिलं आणि शेगडीत घातला. त्या माणसाचं पान मी उलटत नसतो."

"संशय कुणावर?"

"माझा फोटोग्राफर, लेनी पाव्लिक. बाहेरचा असा तो एकटाच तळघरात आलाय. काल हाकलला त्याला. आता स्टोल्झला कोर्टात खेचतो."

कोपऱ्यावरच्या दुकानातून अॅग्नेसनं तो अंक घेतला आणि चालता चालता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. गसनं फक्त मुखपृष्ठ पाहिलं. पुलामागून घेतलेला फोटो होता. स्टेशनच्या फलाटावर लाल शाल पांघरलेली नखाएवढी बाई उभी होती, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी.

पाव्लिक घरीच होता, दाढी वाढलेली. बायकोला आठवा महिना लागला होता.

"मी सगळे फोटो समोरून काढले," तो म्हणाला. "मागे जायचं तर टेबलाखालच्या भोकातून सरपटत जायला लागतं. हे पोट बघा आणि सांगा!"

"त्या लाल शालवाल्या बाईचा फोटो काढलात?"

"कुठली बाई? क्रूगरच्या स्टेशनवर माणसं नसतातच."

एमेट स्टोल्झ वाळक्या अंगाचा, तोंडाचा तिखट. बारा वर्षांपूर्वी तो आणि क्रूगर एकाच टेबलावर एकच मासिक काढायचे.

"क्रूगरचा पूल? तो?" त्याचा चेहराच उतरला. "अहो, वाचकांच्या स्पर्धेत आलेला फोटो तो! पहिलं बक्षीस दिलंय मी. 'असं काम देशात दुसरं नाही', असं स्वतः लिहिलंय!"

"खोटं बोलतोय," बाहेर पडल्यावर गस म्हणाला.

"त्याच्या तोंडाकडे पाहिलंस? लिंबू चावल्यासारखं झालं होतं," अॅग्नेस म्हणाली.

क्रूगरच्या घरी त्याची बायको थोरा हिनं कॉफी दिली. खिडकीशी एक जुनी रंगपेटी उघडी होती. झाकणावर टी. एच. अशी अक्षरं कोरलेली. आत बोटाच्या पेराएवढी रंगवलेली माणसं: मासेवाले, पाद्री, फुलवाल्या.

"वा!" गस म्हणाला. "याच्या तर मिश्यासुद्धा रंगवल्यात!"

"चर्चच्या जत्रेसाठी," ती पटकन म्हणाली आणि पेटी मिटली.

तळघरात क्रूगर अभिमानानं देखावा दाखवत होता. गस वाकून टेबलाखाली शिरला आणि खांद्यापाशीच अडकला.

"उगाच प्रयत्न करू नका," क्रूगर हसला. "माझे गुडघे गेल्यापासून मीही जात नाही. मागची धूळ थोरा झाडते."

"स्टेशनवर माणसं का नाहीत?" अॅग्नेसनं विचारलं.

"माणसं कामाची शोभा घालवतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी अॅग्नेसनं स्टोल्झला आणि क्रूगर नवराबायकोला त्याच तळघरात बोलावलं. स्टोल्झ आला आणि पूल पाहून नकळत पुढे झुकला. क्रूगरनं ते पाहिलं आणि त्याच्या मानेची शीर तटतटली.

"आधी स्टोल्झसाहेब," अॅग्नेस म्हणाली. "पूल क्रूगरांचा आहे हे त्यांना ठाऊक असतं, तर त्यांनी तो मुखपृष्ठावर घेऊन वर कौतुक केलं असतं?"

"हात तोडून घेतला असता!" स्टोल्झ म्हणाला.

"तेच. इतका मत्सर असलेला माणूस शत्रूची आरती ओवाळत नाही. म्हणजे फोटो खरोखरच अनोळखी नावानं आला. तो मागच्या बाजूनं घेतलाय. तिथे ना पाव्लिक पोचतो, ना क्रूगरसाहेब. आणि फलाटावरची बाई फोटोपुरती ठेवलेली आहे. ती ठेवणाऱ्याला अशी माणसं रंगवता येतात. क्रूगरसाहेब, तुम्ही अंक उघडला असता, तर आत विजेत्याचं नाव दिसलं असतं. टी. हाल्वर्सन, राहणार रेसीन."

क्रूगर हळूच वळला. "हाल्वर्सन... ते तर तुझं माहेरचं नाव."

"पत्ता बहिणीचा," थोरा म्हणाली. तिचा आवाज कापत नव्हता. "डोंगर मी केला, ऑर्विल. रुळांखालचे चार हजार स्लीपर मी चिकटवले. तू डिसेंबरच्या लेखात लिहिलंस, 'मी एकट्यानं'. मुद्रितं मीच तपासली ना."

"मग मला सांगायचंस!"

"सांगितलं. तू हसलास. या पुलाकडे तू जसं बघतोस, तसं माझ्याकडे कधी बघितलंस? लाकडाचा हेवा वाटायला लागला मला."

क्रूगर तिच्याकडे एक पाऊल सरकला. गसला वाटलं, आता माफी मागेल.

"पण त्याला? सगळ्या जगात याच माणसाला फोटो पाठवलास?"

"कारण याच्या तोंडची शाबासकी तुला झोंबली असती."

स्टोल्झ खाकरला. "बाई, माझ्याकडे सदर लिहाल?"

"ती माझ्याकडे लिहील!" क्रूगर ओरडला.

"मला कुणी विचारलंय का?" थोरा म्हणाली. "आधी पाव्लिकला फोन कर. चूक झाली म्हण. पोटुशी बायको आहे त्याची, आणि मी तीन दिवस गप्प बसले. तो माझ्या मनावरचा दगड आधी उतरू दे."

क्रूगरनं फोन केला. माफी मागणं त्याला जमत नव्हतं. थोरा शेजारी उभी राहून एकेक शब्द सांगत गेली.

एप्रिलमध्ये दुकानाच्या फळीवर एक तिसरं मासिक आलं. संपादक थोरा हाल्वर्सन, छायाचित्रं लेनी पाव्लिक. पहिला अंक चार दिवसांत संपला.

त्याच आठवड्यात गसला क्रूगर आणि स्टोल्झ एका उपाहारगृहात एकाच टेबलाशी दिसले. बारा वर्षांनी दोघं बोलत होते. गस जवळून गेला तेव्हा समोर तिचाच अंक उघडा होता, आणि दोघंही भिंग लावून त्यात चुका शोधत होते.




"सापडली एखादी?" गसनं विचारलं.

"अजून नाही," दोघं एकदमच म्हणाले.