अर्ध्या तिकिटाची मालकीण

आर्वीच्या बाजारात मिरच्यांच्या ओळीपुढे तिकिटवाला येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात एकच तिकीट उरलं होतं. वाचनालयाच्या इमारतीसाठी सोडत होती. पहिलं बक्षीस पाच हजार, तिकीट एक रुपया. कोकिळेने लगबगीने हात पुढे केला... आणि तिच्या खांद्यावरून आणखी एक हात पुढे आला. उन्हाने रापलेला, बाहीवर कापसाचे तंतू चिकटलेला.

"आधी मी मांगतलं," कोकिळा मागे न पाहताच म्हणाली.

"मांगतलं खरं, पन रुपया कुठी हाय? मले तर आठच आने दिसून राह्यले."

आता मात्र ती वळली. "अन् तुमच्या मुठीत काय मोहरा हायेत?"

त्याने मूठ उघडली. आठच आणे होते. तो हसला, आणि ते हसू इतकं मोकळं होतं की कोकिळेला आणखीच राग आला. पकडला गेलेला माणूस असा हसतो होय?

"दोघं मिळून घ्या ना बाप्पा," तिकिटवाला कंटाळून म्हणाला. "अर्धं तुमचं, अर्धं त्याइचं."

त्या वर्षी आणे जाऊन नवे पैसे आले होते, तरी बाजार अजून आण्यांतच बोलत होता. आठ आणे आणि आठ आणे मिळून तिकीट विकत घेतलं गेलं. पण ते ठेवायचं कोणी? तो सावळीचा चंद्रभान. कापसाने भरलेली बैलांची बंडी घेऊन दर बाजाराला यायचा. ही टेंभरीच्या बबनरावांची मुलगी. मनकर्णाआत्याच्या मिरच्यांच्या दुकानावर बसायची. शेवटी ठरलं, एक आठवडा तिकीट हिच्याकडे, पुढचा आठवडा त्याच्याकडे.

"अन् तिकीट घेऊन पयाले तर?" तिने विचारलं.

"बैल सोडून कुठी जाईन मी?" चंद्रभान म्हणाला.

तिकीट द्यायला-घ्यायला निमित्त हवं, म्हणून तो दर बाजारी पावशेर मिरच्या घ्यायचा. थोड्याच दिवसांत सावळीच्या घरात मिरच्यांची रास लागली. त्याची आई कपाळाला हात लावून म्हणे, या पोराला भाजीतलं तिखट सोसत नाही आणि मिरच्या तेवढ्या आणतो! मनकर्णाआत्याला सगळं कळत होतं. ती मापात मुद्दाम वेळ लावायची. मग पाच हजारांचं काय करायचं, याचं बोलणं निघे.

कोकिळेचं ठरलेलं होतं. पिठाची चक्की. इंजिनवर चालणारी, टेंभरीच्या वेशीजवळ. अंधारात उठून जातं ओढता ओढता आईचे खांदे कसे उतरले, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. गावातल्या साऱ्या बायांनी उजाडेपर्यंत झोपावं, एवढंच तिला हवं होतं. चंद्रभानचं मात्र दर आठवड्याला नवं. कधी विहिरीवर इंजिन, कधी रेडिओ, कधी संत्र्याचा बगीचा.

"अर्धेच पैसे तुमचे हायेत, ध्यानात ठेवा," ती बजावायची.

"ध्यानात हाय ना," तो म्हणायचा, आणि तिच्याकडे बघत राहायचा. हाताला लागलेली मिरची त्याच बोटांनी डोळ्याला लावून घ्यायचा आणि मग डोळे चोळत बसायचा. कोकिळा पाण्याचा तांब्या पुढे करायची. रागानेच करायची, हे सांगायला हवं.

एका बाजारी त्याने आपला बगीचा मातीत बोटाने काढून दाखवला. "या अंगाले विहीर. त्या अंगाले घर. अन् घराच्या बाजूले तुमची चक्की—"

"थांबा!" कोकिळा ताडकन म्हणाली. "माह्यी चक्की सावळीले कवा आली?"

चंद्रभानचे कान लाल झाले. "नाई... म्हंजे... आमच्याइकडे पानी चांगलं हाय."

"चक्कीले पानी लागते?"

"इंजिनाले लागते ना!"

"मले न विचारता माह्यी चक्की उचलली? लोकाइची चक्की अशी उचलून नेतात का?"

बंडीतून टेंभरीला परतताना तिचा राग धुमसत होता. काय समजतो हा स्वतःला! आणि मध्येच तिच्या मनात आलं, घराच्या इतक्या जवळ चक्की असली, तर ओसरीत बोललेलं ऐकू यायचं नाही. आपण कोणत्या ओसरीचा विचार करतोय हे ध्यानात आल्यावर ती स्वतःवरही चिडली.

चंद्रभानने तिला विचारायला हवं होतं. सरळ, समोर उभं राहून. त्या भल्या माणसाने विचारलं कोणाला? आपल्या काकांना! लक्ष्मणराव धोतर-कोट घालून, चार माणसं घेऊन टेंभरीला येऊन बसले. मुलगी पाहिली, चहा प्याले, पाऊसपाण्याचं बोलले.

"पोरगी पसंत हाय," कपबशी खाली ठेवत ते म्हणाले. "हुंड्यासाठी अडून बसनारी मानसं नाई आमी, बबनराव. तुमच्या पोरीचं सोडतीचं अर्धं तिकीट हाय म्हंते. तेवढं आमच्या पोराच्या नावानं करून द्या. दुसरं काई नको."

आपण स्वस्तात सुटलो, असं बबनरावांना वाटलं. "दिलं!" ते म्हणाले.

जिचं तिकीट, ती दाराआड उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. तिच्या आठ आण्यांचं, तिच्या चक्कीचं, आईच्या खांद्यांचं मोल करून पुरुष मोकळे झाले आणि पानं लावायला लागले. कोकिळा बाहेर आली. सोयरिकीच्या बैठकीत मुलगी बोलत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"बाबा, तिकीट माह्यं हाय. देनारे तुमी कोन?"

"अंदर जाय!" बबनराव ओरडले.

ती आत गेली. पण खरा राग वडिलांवरही नव्हता आणि काकांवरही नव्हता. ज्याच्यासोबत इतके बाजार ती मनातलं बोलली होती, त्याच्यावर होता.

पुढच्या बाजारालाच सोडत होती. चंद्रभान सकाळीच दुकानासमोर येऊन उभा राहिला, चेहरा नुसता फुललेला. "पावशेर—"

"भेटत नाई! तू तुह्या काकाले माह्यं तिकीट हुंड्यात मांगाले पाठोलं?"

तिच्या तोंडून 'तू' पहिल्यांदाच निघालं होतं. चंद्रभान पांढराफटक पडला. "हुंड्यात? मी तर इतकंच सांगतलं... का आपलं तिकीट एक हाय, तर... आईची आन, हुंड्याचं मले ठाव नाई. माह्यं अर्धं बी घे. सारं तिकीट तुलेच."

"मले दान नको! तुह्यं अर्धं तुह्यं, माह्यं अर्धं माह्यं. कवापासून सांगून राह्यली मी!"

तो मान खाली घालून गेला. मिरच्या न घेताच.

दुपारी सोडतीच्या मांडवात भोंग्यावर नंबर वाचले गेले. कोकिळा आत्याजवळ तिकीट मुठीत धरून बसली होती. पहिलं बक्षीस पुलगावच्या कोणाला तरी लागलं. दुसरं, तिसरं, अगदी शेवटचंही... त्यांचा नंबर आलाच नाही. चक्की गेली. तिला रडू आलं. मग तिच्या लक्षात आलं, की आता पुढच्या बाजारी तिकीट मागायला कोणी येणार नाही. हे दुसरं दुःख पहिल्यापेक्षा मोठं निघालं, आणि त्याचाही तिला संताप आला.

एवढ्यात सोडत ऐकायला बबनरावांशेजारी येऊन बसलेले लक्ष्मणराव खाकरले. "बबनराव, आता हुंड्याचं नव्यानं पाहा लागन."

बबनरावांनी मान खाली घातली. माणसांतून वाट काढत चंद्रभान पुढे आला.

"काका, हुंडा नाई. एक पैसा बी नाई," तो म्हणाला. "चुकी माह्यी हाय. जिले विचाराचं तिले सोडून मी साऱ्याइले विचारत बसलो." तो कोकिळेकडे वळला. भर मांडवात, सगळ्यांदेखत. "कोकिळा... मले तुह्यासंग संसार कराचा हाय. तुह्या मनात हाय का?"

मनकर्णाआत्याने हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

"इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुह्यं?" कोकिळा कडाडली.

"भेव वाटे."

"कायचं?"

"तू नाई म्हनशीन याचं."

कोकिळेचे डोळे भरून आले, पण आवाजातली धार काही गेली नाही.

"नाई म्हनाचं असतं, तर इतका राग काऊन आला असता मले?"