गाठीशेजारचा तुकडा

नवी अँटिबॉडी आली की आधी ती दोन काचपट्ट्यांवर तपासायची, ही या प्रयोगशाळेची शिस्त. एका पट्टीवर वाढत्या पेशी, दुसरीवर निवांत. ही अँटिबॉडी पेशीच्या केंद्रकातलं एक प्रथिन शोधून त्याला चिकटायची. पेशी विभागायच्या तयारीत असेल तरच ते प्रथिन सापडतं. मग केंद्रक हिरवं चमकतं, एरवी काळोख.

वाढत्या पेशी तंत्रज्ञबाईंच्या स्वतःच्याच, दंडाच्या कातडीतून घेऊन बाटलीत वाढवलेल्या. “घरात कुणी ऐकत नाही, पेशी तरी ऐकतात,” असं त्या म्हणायच्या.

निवांत पेशींच्या तुकड्यावर फक्त क्रमांक होता. तो कुणाचा हे बाईंना कळायलाच नको होतं. पण तीन वर्षांपूर्वी ताईच्या ऑपरेशननंतर गाठीशेजारचा तो निरोगी भाग त्यांनी हट्टाने स्वतःच, टिकावा म्हणून मेणात बसवला होता. आईच्या माघारी त्यांना लहानाचं मोठं केलं ते ताईनेच. ताई गेली. एवढाच तुकडा उरला.

सोमवारी त्या तुकड्यात तीन केंद्रकं चमकली. मंगळवारी त्याच पट्टीवर एकोणीस. ही चमक दिवसागणिक उतरते, चढत नाही. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. एकोणीसच.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. “अँटिबॉडीची बॅच खराब दिसतेय. टाकून द्या ती पट्टी.”

“उद्या टाकते.”

“उद्या कशाला?”

बाईंनी पट्टी डबीत परत ठेवली. त्यांना ताईला पुन्हा एकदा टाकून यायचं नव्हतं.

बुधवारी अर्धा तुकडा हिरवा झाला होता. घाबरायचं सोडून बाईंना रडूच कोसळलं. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याचा पंखा घरघरत होता.

“ताई,” त्या हळूच म्हणाल्या, “हवं तेवढं घे गं.”

गुरुवारी मॅडमनी विचारलं, “तुमच्या पेशींची पट्टी पाहिलीत का? बॅच खराब असेल तर तिच्यावरही दिसेल.”

सोमवारी ती पट्टी लख्ख चमकली होती. बाईंनी ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

काळोख.

दिवा गेला असेल असं वाटून त्यांनी ताईची पट्टी ठेवून पाहिली. एकूण एक केंद्रक हिरवंगार.

मग बाटलीतल्या ताज्या पेशी घेऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. संध्याकाळ झाली.

काळोखच.

“मग?” दारातून मॅडमनी विचारलं. “कुठली टाकायची?”

बाईंनी स्वतःची पट्टी उचलली आणि काचेच्या कचऱ्यात सोडली.